अलिंदातला बिनतारेचा पेसमेकर

हृदयाचा प्रत्येक ठोका उजव्या अलिंदात, म्हणजे वरच्या उजव्या कप्प्यात जन्मतो. वरची महाशिरा या कप्प्याला जिथे मिळते तिथे खास पेशींचा एक पुंजका असतो, त्याला साइनस नोड म्हणतात. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी तो 1907 मध्ये दाखवून दिला. इथून निघालेला विद्युतसंदेश आधी दोन्ही अलिंदे आकुंचित करतो, मग एव्ही नोड या मधल्या थांब्यावर क्षणभर थबकून खालच्या कप्प्यांत, म्हणजे निलयांत उतरतो. हा पुंजका वयपरत्वे थकला, किंवा वाटेत संदेश अडला, की नाडी मंदावते. चालताना दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, कधी माणूस भोवळ येऊन पडतो. बुलढाण्यासारख्या शेतीच्या जिल्ह्यात अशा पडण्याचा दोष बहुधा उन्हाला, उपासाला किंवा ‘बीपी लो झाला’ या सबबीला दिला जातो. एक साधा ईसीजी काढला, तर पुष्कळदा खरे कारण कळते. त्रास अधूनमधून होत असेल तर 24 तास सतत ईसीजी नोंदवणारी होल्टर तपासणी लागते.

मंद नाडी म्हणजे लगेच पेसमेकर, असे मात्र नाही. अंगमेहनत करणाऱ्या धडधाकट तरुणाची नाडी विश्रांतीत 50 असू शकते. बीटा-ब्लॉकर गटातली रक्तदाबाची औषधे आणि डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध नाडी मंदावतात, थायरॉइडची कमतरताही तेच करते. कपाशी-सोयाबीनच्या पट्ट्यात आणखी दोन कारणे डॉक्टरांच्या मनात असावी लागतात. फवारणीतल्या ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांच्या विषबाधेत नाडी मंद होऊ शकते, त्यावर अॅट्रोपीन देतात. पिवळ्या कण्हेरीच्या बियांतले विष तर डिगॉक्सिनच्याच जातीचे. ते हृदयातला संदेश अडवू शकते. अशा रुग्णाला गरज पडली तर तात्पुरता पेसमेकर लावतात, आणि विष उतरले की तो काढून घेतात.

कायमचा पेसमेकर पहिल्यांदा 8 ऑक्टोबर 1958 रोजी स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना बसवला गेला. तो काही तासांतच बंद पडला, पण पुढे अनेक यंत्रे बदलत लार्सन 2001 पर्यंत जगले. नंतर रूढ झालेली रचना आजही मुळात तीच आहे: गळपट्टीच्या हाडाखाली कातडीत बॅटरीची डबी आणि तिथून शिरेतून हृदयात गेलेली एक किंवा दोन लीड, म्हणजे तारा. यंत्रातला सर्वांत कच्चा दुवा या ताराच. त्या सरकतात, कालांतराने तुटतात, त्यांचे वेष्टण झिजते. डबीच्या जागी जंतुसंसर्ग झाला तर तारेवाटे तो थेट हृदयापर्यंत पोहोचतो. नेदरलँड्समधल्या 1,517 रुग्णांच्या एका अभ्यासात पहिल्या दोन महिन्यांतच 12.4 टक्के जणांना काही ना काही गुंतागुंत झाली होती.

तारच नको, हा विचार 1970 मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगात करून पाहिला गेला होता. माणसात तो उतरायला 2012 साल उजाडले. प्राग शहरात नॅनोस्टिम नावाचे यंत्र बसवले गेले, पुढच्या वर्षी ऑस्ट्रियात मायक्रा. अशी यंत्रे जांघेतल्या शिरेतून जाड नळीने वर नेऊन उजव्या निलयात अडकवली जातात. मायक्राचे वजन सुमारे 2 ग्रॅम. छातीवर चीर नाही, डबीचा उंचवटा नाही, खांदा हलवायला बंदी नाही.

पण साइनस नोड दमलेला असताना नुसत्या निलयाला ठोके देणे हा अर्धाच उपाय. वरचा कप्पा खालच्याआधी आकुंचित झाला नाही, तर रक्त नीट पुढे ढकलले जात नाही. रुग्णाला थकवा येतो, मानेतल्या शिरा उडतात, दीर्घकाळात अलिंदाची लय बिघडण्याचा आणि हृदय कमकुवत होण्याचा धोका वाढतो. 2020 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले मायक्रा एव्ही अलिंदाची हालचाल निलयात बसून ओळखते आणि त्या तालावर ठोका देते, मात्र अलिंदाला स्वतः ठोका देऊ शकत नाही.

अलिंदात यंत्र रोवणे अवघड, कारण तिथली भिंत पातळ. स्नायूंच्या जाळीत हुक अडकवण्याची निलयातली युक्ती तिथे सहज चालत नाही, आणि जोर जास्त झाला तर भिंतीला भोक पडण्याची भीती. अॅबट कंपनीच्या एव्हिअर यंत्राने यावर स्क्रूचा मार्ग काढला. अलिंदातले यंत्र सुमारे 32 मिलिमीटर लांब असते, निलयातले 38. अलिंदातले यंत्र तिथल्या कानासारख्या पिशवीच्या तळाशी पिळून बसवतात. पक्के रोवण्यापूर्वी भिंतीला नुसते टेकवून विद्युत मापे घेता येतात, हा मोठाच फायदा. दोन्ही यंत्रे बसवली तर ती रक्त आणि स्नायूंमधून जाणाऱ्या अतिक्षीण विद्युतस्पंदांनी प्रत्येक ठोक्याला एकमेकांना खबर देतात. मे 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 300 रुग्णांच्या अभ्यासात 98.3 टक्के जणांत ही जोडी बसवता आली आणि 90.3 टक्के जणांना पहिल्या 90 दिवसांत गंभीर गुंतागुंत झाली नाही. काहींच्या बाबतीत अलिंदातले यंत्र जागेवरून सुटलेही. त्याच वर्षी अमेरिकेत या जोडीला मंजुरी मिळाली. फक्त साइनस नोडचा दोष असेल आणि खालची वाट शाबूत असेल, तर अलिंदातले एकटे यंत्रही पुरते.

मग खामगाव किंवा मेहकरच्या रुग्णाने याची वाट पाहावी का? बहुतेकांनी नाही. तारेचा दोनकप्पी पेसमेकर आजही भरवशाचा आहे आणि तुलनेने बराच स्वस्त. तो इंदूरजवळच्या पिथमपूरमध्येही तयार होतो. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कायमचा पेसमेकर बसवण्याचा समावेश आहे, आणि 2024 पासून या योजनेचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपये आहे. बुलढाण्यात 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तरी असल्या कामासाठी अकोला, छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूर गाठण्याची सवय अजून मोडलेली नाही. बिनतारेचे यंत्र खरे उपयोगी पडते ते डायलिसिसवर असलेल्यांना, आधीच्या पेसमेकरला संसर्ग झालेल्यांना, किंवा खांद्याकडच्या शिरा बंद झालेल्यांना.

कोणताही पेसमेकर असला तरी शेतातली काळजी साधारण सारखीच. वेल्डिंगपासून दूर राहावे, रोही-रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनच्या तारेला हात लावू नये. वर्षातून एकदोनदा यंत्राची तपासणी करावी लागते, आणि प्रत्येक कंपनीचे तपासणी उपकरण वेगळे असल्याने यंत्राचे कार्ड जपून ठेवावे. बॅटरी संपल्यावर डबी बदलणे ही छोटी शस्त्रक्रिया असते. बिनतारेचे यंत्र मात्र एकतर उलटे पिळून बाहेर काढावे लागते, नाहीतर तिथेच बंद ठेवून शेजारी नवे बसवावे लागते. दहनात बॅटरी फुटू शकते, म्हणून छातीतली डबी अंत्यसंस्कारापूर्वी काढतात. हृदयाच्या आतल्या यंत्राची तशी खूण बाहेरून दिसत नाही, तेव्हा ते कार्ड कुठे आहे हे घरच्यांनाही ठाऊक असावे लागते.