ऑक्सिजनचा पाईप बारीक का चालत नाही?



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, खत नि लागवडीवर लिहावे असा रिवाज आहे. पण २०२१ सालापासून ऑक्सिजन हाही साखर कारखान्याचा विषय झाला. २३ एप्रिल २०२१ रोजी विशाखापट्टणमहून ऑक्सिजनची पहिली रेल्वेगाडी नागपूरला आली. सातपैकी तीन टँकर इथे उतरले, चार नाशिकला गेले. त्याच महिन्यात वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने कारखान्यांना ऑक्सिजन तयार करण्याचे आवाहन केले, आणि चोराखळीच्या धाराशिव कारखान्याने इथेनॉल प्रकल्पात फेरबदल करून तो काढूनही दाखवला. तेव्हापासून सभासद विचारतात, "साहेब, हवाच तर न्यायची, मग एवढा मोठा पाईप कशाला? पैसे वर आले काय?"

उत्तर आपल्या उपसा सिंचनातच आहे. पाईपचा व्यास निम्मा केला की तेवढेच पाणी चौपट वेगाने धावते. विहिरीवरच्या पाईपमध्ये आपण सेकंदाला दीड मीटरच्या आसपास वेग धरतो. जास्त झाला तर घर्षण वाढते, मोटर रडते. ऑक्सिजनमध्ये मात्र वेग वाढला तर आग लागू शकते.

कशी, ते बघा. वर्कशॉपमध्ये गॅस कटिंग सगळ्यांनी पाहिले आहे. कारागीर लोखंड लाल करतो आणि ऑक्सिजनची धार सोडतो. त्या धारेत लोखंड नुसते वितळत नाही, ते स्वतःच जळते. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, दुसऱ्याला पेटवतो. आता हेच पाईपच्या आत झाले तर? वेल्डिंगचा एखादा कण किंवा लोखंडाचा कीस आत राहिला, वेगाने वाहत गेला आणि वळणावर, टीवर किंवा व्हॉल्व्हवर आदळला, तर तापून पेटतो. कण पेटला की पोलादी पाईपही पेट घेऊ शकतो.

म्हणून युरोप-अमेरिकेतील औद्योगिक वायू संघटनांनी पोलादी पाईपसाठी मर्यादा आखून दिली आहे. जिथे वायू आदळतो अशा जागी १५ बारपर्यंत सेकंदाला ३० मीटर. (एक बार म्हणजे आपला साधारण एक किलो दाब.) त्यापुढे दाब आणि वेग यांचा गुणाकार ४५० च्या वर जाऊ द्यायचा नाही. म्हणजे ३० बारला १५ मीटर, आणि १०० बारला अवघे साडेचार! दाब चढला की वेग उतरवायचा. तांबे, पितळ सहजी पेटत नाहीत, म्हणून धोक्याच्या जागी ते वापरतात.

मग दवाखान्यात तर पाईप तांब्याचा आणि दाब चार-पाच किलोच. तिथे बारीक का नको? तिथे प्रश्न शेवटच्या खाटेचा आहे. मिनिटाला १००० लिटरचा प्रकल्प धरा. आतून २६ मिलिमीटरच्या पाईपमध्ये, तेवढ्या दाबाला, वेग सेकंदाला सहा मीटरच्या वर येतो. १३ मिलिमीटरला पंचवीस. वेग चौपट, पण दाबाची घट सुमारे ३२ पट! कालव्याच्या टोकाच्या शेतकऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. त्यात साध्या मास्कला मिनिटाला पाच-दहा लिटर लागत, तर कोरोनात वापरलेल्या जास्त प्रवाहाच्या यंत्राला ६० लिटरपर्यंत. जुन्या हिशेबाने टाकलेला पाईप अपुरा पडणारच, आणि पाण्याची पाळी उद्यावर ढकलता येते, श्वासाची नाही. पाईपच्या व्यासात वाचवलेला पैसा मला तरी बचत वाटत नाही.

आता वर्कशॉपचे. ट्रॉलीचा हुक कापायला येणाऱ्यांनी हे जरूर वाचावे. भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे १५० किलो दाब असतो. व्हॉल्व्ह झटक्यात उघडला तर रेग्युलेटरमध्ये वायू एकदम दाबला जाऊन तापतो, आणि तिथे तेलाचा नुसता हात लागलेला असला तरी भडका उडू शकतो. व्हॉल्व्ह सावकाश उघडा, स्वतः बाजूला उभे राहा. आटे घट्ट जातात म्हणून ग्रीस चोळणारे आपल्यात पुष्कळ आहेत; ट्रॅक्टरला ते ठीक, इथे अजिबात नाही. चिकट पाना आणि ऑइलचे फडके सिलिंडरपासून लांब ठेवावे. नवी पाईपलाईन तेलकटपणा काढून, आतला कीस फुंकून साफ केल्याखेरीज जोडू देऊ नये, मग कंत्राटदार कितीही घाई करो.