पत्र्यावरचा दगड कोणी ठेवला?

२१ मार्च २०२४, गुरुवार. सकाळचे सहा वाजून आठ मिनिटे झाली होती. आमच्या हिंगोली जिल्ह्यात त्या वेळी कुठे चूल पेटत होती, कुठे नळाला नंबर लागला होता, कुठे हळद शिजवायला माणसे शेतावर निघाली होती. एवढ्यात जमिनीच्या पोटातून गुरगुरल्यासारखा आवाज आला. मांडणीवरची भांडी खडखडली, घागरीतले पाणी हिंदकळले. वस्तीतली माणसे लेकरांना बखोटीला मारून बाहेर पळाली. दहा-अकरा मिनिटांनी जमीन पुन्हा हलली. पहिला धक्का ४.५ रिश्टरचा होता, दुसरा ३.६ चा. भूकंपाचे केंद्र कळमनुरी तालुक्यात होते आणि हादरा नांदेड, परभणीपर्यंत जाणवला. पुढे १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास तसाच ४.५ चा धक्का बसला. दोन्ही वेळा जीवितहानी झाली नाही.

धक्का थांबला आणि बोलणे सुरू झाले. कोणी म्हणाले, "पाप लई वाढलं." कोणी म्हणाले, "काही उगंच होत नसतं, वरच्याच्या मनात काहीतरी असल." आमची आई ओट्यावर बसून होती. शहात्तर वर्षांची म्हातारी. ती हळूच म्हणाली, "सटवाईनं लिव्हलं ते कुठं चुकतंय?"

वाचकहो, आमच्या घरात तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. देव्हारा कधीच गेला. पण सटवाई अजून घरातच होती, हे त्या सकाळी आम्हाला कळले. आयुष्यात जे जे घडते त्यामागे काही ना काही योजना असते, असे सगळेच मानतात. आपणही नकळत मानतो. म्हणून या प्रश्नाची एकदा नीट चिकित्सा करावी असे ठरवले.

आईचे ओझे

आईच्या बोलण्यामागे एक जुनी जखम आहे. १९७२ चा दुष्काळ. मराठवाड्यात माणसांना खायला लाल मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. आमच्या पाठचा भाऊ तेव्हा सव्वा वर्षाचा होता. एका दिवशी त्याला हगवण लागली आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. मातीहून परत आल्यावर नात्यातल्याच एका बाईने आईला सांगितले, "तुह्या मागल्या जन्मीचं काहीतरी असल, बाई. पाचवीलाच लिव्हलेलं असतंय."

सांत्वन करावे म्हणूनच ती बोलली असेल. पण हे वाक्य आईने पन्नास वर्षे उराशी बाळगले. मुलगा गेल्याचे दुःख होतेच, वर त्याला आपणच कारण झालो ही बोचणी तिला कायमची लागली.

आता खरे कारण पाहा. गावची विहीर आमच्यासाठी नव्हती. ओढ्याच्या वाळूत खड्डा करून झिरा काढायचा आणि त्याचे गढूळ पाणी वाटीने भरायचे. जनावरेही तिथेच यायची. त्या पाण्याने हगवण लागली, अंगातले पाणी आणि क्षार निघून गेले आणि लेकरू सुकले. उपाय काय होता? मीठ, साखर आणि स्वच्छ पाणी. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७१ मध्ये, पश्चिम बंगालमधील बनगाव येथे बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ होती. सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज घातलेले पाणी रोग्यांना पाजले. शंभरातले तीसच्या आसपास रोगी दगावत होते, ते प्रमाण चारच्या आत आले. हे ज्ञान आमच्या झिऱ्यापर्यंत वेळेवर पोचले नाही, एवढेच. यात सटवाईची लेखणी कुठे आली?

कारण वेगळे, हेतू वेगळा

आपल्या बोलण्यात दोन गोष्टींची गल्लत होते. एक आहे कारण आणि दुसरा हेतू. झिऱ्याचे पाणी हे कारण. पण 'या बाईला शिक्षा द्यावी' असा कोणाचा तरी हेतू त्यामागे होता, हे त्यावरून सिद्ध होत नाही. कारणाशिवाय काही घडत नाही, हे धम्म सांगतोच. प्रतीत्यसमुत्पाद म्हणजे तेच. हे असेल तर ते होते, हे नसेल तर ते होत नाही. पण प्रत्येक घटनेमागे कोणी योजना आखून बसला आहे, हे तथागतांनी मान्य केले नाही.

संयुत्त निकायात एक प्रसंग आहे. राजगृहाच्या वेळुवनात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक तथागतांना भेटला. माणूस जे काही सुखदुःख भोगतो ते सगळे पूर्वी केलेल्या कर्मामुळेच, असे काही लोक म्हणतात, ते खरे काय, असे त्याने विचारले. तथागतांनी त्याला कारणांची यादीच दिली. काही वेदना पित्ताने होतात, काही कफाने, काही वाताने, काही तिन्ही एकत्र बिघडल्याने. काही ऋतू बदलल्याने, काही स्वतःची नीट निगा न राखल्याने, काही बाहेरच्या आघाताने. आणि आठवे कारण कर्म. आठांपैकी एक! जे लोक सगळ्याचे खापर पूर्वकर्मावर फोडतात ते स्वतःच्या अनुभवालाही सोडून बोलतात आणि जगाला ठाऊक असलेल्या गोष्टीलाही, असा निर्वाळा त्यांनी दिला.

अंगुत्तर निकायात तर त्यांनी तीन मते एकाच रांगेत उभी केली आहेत. सगळे पूर्वकर्माने घडते, सगळे ईश्वराने घडवले आणि सगळे विनाकारण घडते. तिन्ही मतांचा शेवट एकच. माणूस हातपाय गाळून बसतो. काय करावे आणि काय करू नये, हा प्रश्नच उरत नाही.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नेमक्या याच ठिकाणी बोट ठेवले. हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. गरीब हा मागल्या जन्मीच्या पापाने गरीब, असे एकदा ठरले की गरिबीची जबाबदारी ना समाजावर राहते, ना शासनावर, हे त्यांनी ओळखले होते. गावची विहीर बंद करणारे मोकळे सुटतात आणि लेकरू गमावलेली माय गुन्हेगार ठरते. आमच्या घरात हेच झाले होते.

आपल्या बाजूचे असले तरी

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला, हजारो माणसे मेली. हा अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेला दंड आहे, असे गांधीजींनी जाहीरपणे सांगितले. रवींद्रनाथ टागोरांना अस्पृश्यता मुळीच मान्य नव्हती, तरीही त्यांनी या विधानाला जाहीर हरकत घेतली. निसर्गातल्या घटनेचा असा नैतिक अर्थ लावणे त्यांना घातक वाटले.

हे उदाहरण आपण मुद्दाम लक्षात ठेवावे. अस्पृश्यता हे पापच. पण जमीन हलली ती त्या पापामुळे नव्हे. ढिगाऱ्याखाली पूर्वास्पृश्यही मेले, त्यांना कोणत्या पापाची शिक्षा? खोटे कारण आपल्या बाजूचे असले तरी ते खोटेच.

आता आपल्या मराठवाड्याचे पाहू. किल्लारी परिसरात १९९२ पासून हादरे बसत होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, तीन वाजून छपन्न मिनिटांनी, मोठा भूकंप झाला. गणेश विसर्जन उरकून गावे गाढ झोपली होती. आठ ते दहा हजार माणसे गेली. तेव्हाही कोपाच्या गोष्टी सांगितल्या गेल्या. पण माणसे मेली ती दगड-मातीत रचलेल्या जाडजूड भिंतींखाली आणि माळवदाच्या ढिगाऱ्याखाली. लाकडी खांबांवरच्या हलक्या झोपड्या त्या मानाने तगल्या. भूकंपाने पापी-पुण्यवान पाहिला नाही. भिंत कशी बांधली होती तेवढे पाहिले.

भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकतो आहे, त्यामुळे खडकांत ताण साठतो आणि जुन्या भेगांवर तो मोकळा होतो. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे भागात जमिनीतून येणारे आवाज लोक वर्षानुवर्षे ऐकत आहेत. कमी खोलीवरच्या लहान धक्क्यांचेही असे आवाज येतात. ते ऐकून नवस बोलायचा की भिंत तपासायची, हे आपल्या हातात आहे.

पत्र्यावरचे दगड

मार्चच्या धक्क्यानंतर प्रशासनाने लोकांना आवाहन केले की, ज्यांच्या घरावर पत्रे आहेत त्यांनी पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून घ्यावेत. वाचून आम्ही वर पाहिले. आमच्या पत्र्यावर अकरा दगड होते. वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून वडिलांनीच ते ठेवले होते. खाली आम्ही झोपतो, नातवंडे झोपतात.

उद्या त्यातला एक दगड झोपलेल्या लेकरावर पडला, तर कोणी तरी म्हणेलच, "त्याची वेळ भरली होती." पण दगड वर गेला कसा? पत्रा आवळायला लोखंडी पाइप आणि हूक घ्यायची ऐपत नव्हती म्हणून. पक्के घर नव्हते म्हणून. ही कारणे बदलता येतात. हूक बसवता येतात, रमाई घरकुलासाठी अर्ज करता येतो, ग्रामसभेत उभे राहून विचारता येते. नशीब मात्र कोणत्या ग्रामसभेत विचारायचे?

'जे होते ते चांगल्यासाठीच' असे म्हटल्याने दुःखात धीर येतो, हे आम्ही नाकारत नाही. पण धीर देण्याची दुसरीही रीत आहे. मेलेले मूल घेऊन आलेल्या किसा गोतमीला तथागतांनी 'हे तुझे प्राक्तन' असे सांगितले नाही. ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आण, एवढेच सांगितले. दारोदार फिरताना तिला कळले की आपण एकट्या नाही. तिच्या दुःखाला माणसांची सोबत मिळाली, दोष मिळाला नाही.

त्या वर्षी आषाढ पौर्णिमेपासून आमच्या विहारात वर्षावासाचे ग्रंथवाचन सुरू झाले. कर्माचा भाग वाचून झाला त्या रात्री आई जेवताना थांबली. म्हणाली, "म्हंजी, महं काही चुकलं नव्हतं?"

आम्ही म्हणालो, "नाही, माय."

"मंग कुणाचं चुकलं?"

"झिऱ्याचं पाणी वाईट होतं. आणि ज्यांनी आपल्याला झिऱ्यावर पाठवलं, त्यांचं चुकलं."

ती बराच वेळ काही बोलली नाही. कारण कळल्याने भाऊ परत येणार नव्हता. पण पन्नास वर्षांचे ओझे तिच्या अंगावरून थोडे तरी उतरले असावे. ताट सारून ती वर पत्र्याकडे बघत म्हणाली, "ते दगड तेवढे काढ बाबा उद्या. मार्चपासून नुसतं म्हणूनच राह्यलास."

दुसऱ्या दिवशी दगड काढले. पत्र्याला हूक बसवले. वाचकहो, आपल्या घरावर किती दगड आहेत, तेवढे एकदा मोजून पाहा.