कर्जाचा हप्ता आणि परिचारिकेचा पगार

बारावीचा निकाल लागला, की वस्त्यावस्त्यांतून एक प्रश्न ऐकू येतो. पोरीला नर्सिंगला घालायचे, पण पैशाचे काय? प्रश्न घरगुती दिसतो, तसा तो नाही. अनेक गावांत बाळंतपण करण्याचे काम मांग-महार बायकांच्या वाट्याला होते. त्याचा मोबदला सुपभर धान्य, आणि वर विटाळाचा शिक्का. त्याच सेवेला आज पदवी आहे, नोंदणी आहे, वेतनश्रेणी आहे. ज्यांच्या आज्यांनी हे काम फुकट केले त्यांच्या नातींनी ते पगारावर करावे, यात सामाजिक न्यायाचा अंश आहे. परंतु पदवी कर्जाने विकत घ्यावी लागत असेल, तर हा व्यवहार हिशेबाने तपासला पाहिजे.

बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. समजा, दरवर्षी एक लाख याप्रमाणे चार लाख कर्ज काढले आणि व्याज शेकडा १० धरले. शैक्षणिक कर्जात शिक्षणाचा काळ आणि पुढचे एक वर्ष हप्ता नसतो. हप्ता नसतो, पण व्याज थांबत नाही. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन, असे साधे व्याज एक लाख ४० हजार होते. म्हणजे परतफेड सुरू होते ती पाच लाख ४० हजारांवर. दहा वर्षांच्या मुदतीत महिना सुमारे ७,१४० रुपये हप्ता बसतो आणि एकूण साडेआठ लाखांहून अधिक रक्कम जाते. मुदत पंधरा वर्षे केली तर हप्ता ५,८०० वर येतो, पण एकूण फेड साडेदहा लाखांच्या जवळ जाते. हप्ता हलका झाला म्हणजे कर्ज हलके झाले, हा भ्रम आहे.

आता दुसरे पारडे पाहू. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत अधिपरिचारिकेचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ३५,४०० पासून सुरू होते. केंद्राच्या एम्ससारख्या संस्थांत ते ४४,९०० आहे. या पगारात हप्ता पेलतो. महाविद्यालयांच्या जाहिराती हाच आकडा पुढे करतात. पण पदवी हाती पडताच सरकारी जागा हाती पडत नाही. आधी भरती निघावी लागते, परीक्षा द्यावी लागते, वाट पाहावी लागते. दरम्यान आधार खासगी रुग्णालयाचा. तेथे हातात १५ हजार पडले, तर जवळजवळ अर्धा पगार हप्त्यात जातो. उरलेल्यात खोलीचे भाडे, जेवण, आणि गावाकडे पाठवायचे पैसे. दलित घरातील पहिला पगार एकटीचा नसतो. धाकट्या भावंडांचे शिक्षण, आईचे औषध, जुनी उसनवारी, सगळे त्याच पाकिटाकडे डोळे लावून बसलेले असते. म्हणून कर्ज किती काढावे हे ठरवताना पहिल्या खासगी पगाराचे माप लावावे. तेही जाहिरातीवरून नव्हे, त्याच महाविद्यालयातून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या मुलींना विचारून.

खासगी पगार इतका कमी का? परिचारिका संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली समिती नेमण्याचा आदेश दिला. त्या समितीने शिफारस केली, की २०० हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांनी सरकारी दराने वेतन द्यावे, आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीही ते २० हजारांच्या खाली नसावे. शिफारस झाली, तिला कायद्याचे दात देणे राज्यांवर राहिले. केरळने २०१८ साली किमान वेतनाची अधिसूचना काढून खालची मर्यादा २० हजारांवर आणली. त्यामागे तेथील परिचारिकांचे संप होते.

कर्जाकडे वळण्याआधी हक्काचे काय आहे ते पाहावे. अनुसूचित जातीच्या (नवबौद्धांसह) विद्यार्थ्यांना, कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असल्यास, भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. उत्पन्न त्याहून अधिक असल्यास राज्यात फ्रीशिपची सोय आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. मात्र अट ही, की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा. व्यवस्थापनाच्या कोट्यातील जागा पैसे मोजून घेतली, की शुल्काचा हक्क संपतो आणि कर्जाचा डोंगर सुरू होतो. दलाल हेच सांगत नाही. म्हणून जात पडताळणीचे प्रमाणपत्र वेळेत काढणे हेसुद्धा आर्थिक नियोजनच होय.

तरीही कर्ज लागलेच, तर साडेचार लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी २००९ पासून केंद्राची व्याज अनुदान योजना आहे. तीत शिक्षणकाळ आणि पुढच्या एका वर्षाचे व्याज सरकार भरते. वरच्या उदाहरणात हप्ता ७,१४० वरून ५,२९० वर येतो. दहा वर्षांत सव्वादोन लाखांच्या आसपास वाचतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला देऊन बँकेकडे अर्ज करावा लागतो. चार लाखांपर्यंत तारण मागायचे नाही, हा नियमही व्यवस्थापकाला ठणकावून सांगता आला पाहिजे.

दुसरी वाट जी.एन.एम.ची. तीन वर्षांत नोंदणी होते, पगार एक वर्ष आधी सुरू होतो, आणि पुढे दोन वर्षांची पोस्ट बेसिक पदवी घेता येते. जिला शासकीय महाविद्यालयात बी.एस्सी.ची जागा मिळते तिने ती सोडू नये. पण कर्जाची पदवी आणि शिष्यवृत्तीची पदविका यांत निवड असेल, तर पदविका कमीपणाची नव्हे.

१९१३ साली बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी बाबासाहेबांनी दहा वर्षे नोकरी करण्याचा करार केला. १९१७ साली ते करार पाळायला बडोद्यास गेले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. नोकरी सोडून परतावे लागले. या प्रसंगाचा आर्थिक अर्थही ध्यानात घ्यावा. करार विद्यार्थ्याला बांधतो. नोकरी देणाऱ्याला आणि समाजाला बांधत नाही. आजचे शैक्षणिक कर्ज तसेच आहे. हप्त्याची तारीख कागदावर आहे, पगाराची हमी कोठेच नाही. त्यात रुग्णालयाने सेवेचा बाँड लिहून घेतला आणि मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवली, तर चांगली नोकरी चालून आली तरी ती मुलगी हलू शकत नाही.

म्हणून हिशेब दोन पातळ्यांवर करावा लागेल. घरात: आधी हक्काची जागा, मग शिष्यवृत्ती, मग अनुदानाचे कर्ज, आणि तेही पहिल्या पगाराच्या चौथ्या हिश्श्यात हप्ता बसेल एवढेच. चळवळीत: खासगी रुग्णालयांतील किमान वेतनाचा कायदा. पहिला हिशेब मुलीला बुडण्यापासून वाचवील. दुसरा झाल्याशिवाय तिच्या श्रमाचे मोल तिच्या पदरात पडणार नाही.