दोन मनगटं, दोन वास

पहिल्या पगारातून आईला सेंट घ्यायचा, असं लेकीने ठरवलं. (ती परफ्यूम म्हणते, मी अजून सेंटच म्हणते.) जानेवारी २०२४ मध्ये आमचं दिघा गाव स्टेशन सुरू झालं, तेव्हापासून ठाणं तिला अंगणासारखं. तिथूनच तिने नमुन्याच्या दोन इवल्याशा कुप्या आणल्या. दोन्ही गोड. एकीत व्हॅनिला पुढे आणि नारळ मागे, दुसरीत उलट.

आपण खोबरेलावर वाढलेली माणसं, तेव्हा नारळाचीच कुपी आपली, हे मी न हुंगताच ठरवलं आणि फसले. त्यात ना खोवलेल्या नारळाचा ओलेपणा, ना तेलाचा वास. होता तो थेट नारळाच्या बिस्किटाचा!

"असणारच," हे म्हणाले, "सेंटमधला नारळ बहुतेक गॅमा-नोनालॅक्टोनचा. धंद्यात त्याला अल्डिहाइड सी-१८ म्हणतात, आणि ते अल्डिहाइड नाहीच!" व्हॅनिलाचीही तीच गत. १८७४ साली टीमान आणि हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी पाइनच्या झाडातल्या द्रव्यापासून व्हॅनिलिन बनवलं. तेव्हापासून शेंगेवाचून व्हॅनिलाचं काम भागू लागलं.

ह्यांना हे सारं पाठ. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रसायन कारखान्यात तीस वर्षं काढलीत. फक्त वास येत नाही. कारखान्यामुळे की वयामुळे, डॉक्टरांनीही ठाम सांगितलं नाही. दूध करपून घर धुराने भरलं तरी हे शेजारी बसून पेपर वाचतात. गॅस उघडा राहिला तर, या धास्तीने मी यांना घरात एकटं ठेवत नाही.

लेकीने माझ्या डाव्या मनगटावर व्हॅनिला लावला, उजव्यावर नारळ. "बाबा, बघा बरं."

"दोन्ही झोंबतात."

ते झोंबणं अल्कोहोलचं. त्याचा मज्जातंतूच वेगळा. वास न येणाऱ्यालाही अमोनिया झोंबतो, तसंच हे. लेकीचा चेहरा उतरला. मी म्हटलं, थांब जरा. दुकानात आपण भाळतो ते पहिल्या दहा मिनिटांवर, संसार करायचा असतो पुढच्या सहा तासांशी. कुठलाही सेंट अंगावर मुरू द्यावा, मगच पैसे मोजावेत.

तासाभराने चहा देताना मी डावा हात पुढे केला. काही नाही. मग साखर द्यायला उजवा. यांनी कप खाली ठेवला, इकडेतिकडे पाहिलं.

"वड्या केल्यास का गं?"

लेक स्वयंपाकघरातून धावत आली. मी पुन्हा डावा हात धरला, पुन्हा उजवा. डाव्याला नकार, उजव्याला "हाच, हाच." किती महिन्यांनी यांना कसला तरी वास आला होता!

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना तिने नारळाची बाटली आणली. मला अजूनही तो बिस्किटाचाच वास वाटतो. लावते मात्र रोज.