एका वेळी एकच काम : जुन्या भ्रमणध्वनीची अडचण

दुसऱ्या पिढीच्या भ्रमणध्वनीवर नकाशा पाहत असता कोणाचा फोन आला, की नकाशा तेथल्या तेथे थांबे आणि संभाषण संपल्यावरच पुढे सरके. रुग्णवाहिकेच्या चालकाशी बोलता बोलता नकाशावरून त्याला वाट सांगावी, तर ते शक्य नसे. जाळ्याचा वेग अपुरा पडतो म्हणून असे होते, असा पुष्कळांचा समज होता. खरे कारण निराळे आहे.

जीएसएम ही पद्धती १९९१ साली फिनलंडमध्ये प्रथम सुरू झाली आणि १९९५ साली भारतात आली. तिच्यात २०० किलोहर्ट्झ रुंदीचा एक रेडिओमार्ग आठ जणांत वाटलेला असतो. कालव्याचे पाणी शेतकरी पाळीपाळीने घेतात, तसाच हा प्रकार होय. मात्र येथील एक पाळी सेकंदाच्या सुमारे सतराशेव्या भागाएवढीच असते, आणि आठ पाळ्यांचे आवर्तन सेकंदात सुमारे २१७ वेळा पुरे होते. ऐकण्याची पाळी आणि बोलण्याची पाळी यांच्यातही अंतर राखलेले असते. त्यामुळे यंत्राला एकाच क्षणी पाठविणे व घेणे ही दोन्ही कामे करावी लागत नाहीत, आणि ते साधे व स्वस्त करता येते.

ही रचना मुख्यतः आवाजासाठी होती. पुढे २००० सालच्या सुमारास तिला जीपीआरएस ही डेटाची, म्हणजे अंकरूप माहितीची, सोय जोडण्यात आली. तिची केंद्रे निराळी होती. आवाजाची पाळी ठरविणारा एक आणि डेटाची पाळी ठरविणारा दुसरा. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. एकाच क्षणी दोन भिन्न वारंवारतांवर बोलावणे आले, तर एकच रेडिओ असलेल्या यंत्राने जावे कोठे? दोन रेडिओ बसविले असते, तर प्रश्न सुटला असता. तशा यंत्रांसाठी ‘अ’ वर्ग नियमांत होताही. परंतु त्यात खर्च फार, म्हणून बाजारात आली ती बहुतेक सारी ‘ब’ वर्गाची यंत्रे. ती दोन्ही सेवांत नाव नोंदवीत, पण एका वेळी एकच सेवा वापरीत. लघुसंदेश तेवढा संभाषण चालू असतानाही येई. कारण तो संभाषणासोबतच्या नियंत्रणमार्गाने येत असे. आवाज व डेटा यांच्या पाळ्या एकाच वारंवारतेवर देण्याची युक्तीही पुढे निघाली, पण ती सर्वत्र पोहोचली नाही.

तिसऱ्या पिढीच्या डब्ल्यूसीडीएमए पद्धतीत पाळ्या नाहीत. ५ मेगाहर्ट्झच्या मार्गावर सारे एकदमच बोलतात. प्रत्येकाचा संकेत वेगळा. रेल्वेच्या डब्यात मराठी, तमिळ व बंगाली प्रवासी एकाच वेळी बोलत असले, तरी प्रत्येकाला आपली भाषा ओळखू येते, तसे हे. येथे आवाज व डेटा या दोहोंची वाटणी एकच नियंत्रक करी, आणि बोलता बोलता पान उघडता येई.

संकेतांवरच चालणाऱ्या सीडीएमए २००० या पद्धतीत मात्र हे जमत नव्हते. तिच्या ईव्ही-डीओ या शाखेने डेटासाठी स्वतंत्र मार्ग राखला. वेग वाढला, पण आवाज दुसऱ्या मार्गावर राहिला आणि यंत्राला दोहोंपैकी एक निवडावा लागला. अमेरिकेत २०११ साली व्हेरायझन कंपनीच्या जाळ्यावर आयफोन आला, तेव्हा त्यावर बोलताना इंटरनेट चालत नसे. एटी अँड टीच्या तिसऱ्या पिढीच्या जाळ्यावर तोच फोन दोन्ही कामे करी. अडचण वेगाची नव्हती, हे यावरून स्पष्ट व्हावे.

चौथ्या पिढीत तर संभाषणासाठी वेगळा मार्गच ठेवला नाही. फोन लागला की यंत्र जुन्या जाळ्यावर उतरे. ते जाळे दुसऱ्या पिढीचे असले, तर डेटा पुन्हा बंद. यावर उपाय म्हणजे व्होल्टी : आवाजाचेच लहान लहान तुकडे करून ते डेटाप्रमाणे, पण अग्रक्रमाने पाठविणे. भारतात २०१६ च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या जिओच्या जाळ्याला उतरावयास जुनी पायरीच नव्हती. त्याने आरंभापासून हाच मार्ग धरला.

आपल्याकडे काही कंपन्यांनी तिसरी पिढी आधी बंद केली आणि दुसरी चालू ठेवली. त्यामुळे व्होल्टी नसलेला किंवा ती सोय बंद ठेवलेला चौथ्या पिढीचा फोन अशा जाळ्यावर आजही संभाषण सुरू होताच थेट दुसऱ्या पिढीवर उतरतो, आणि नकाशा थांबतो.