लोहाचा पहारेकरी आणि हाडांची झीज

लोह म्हटले की रक्त, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. हाडांचा विचार त्यात येत नाही. वस्तुतः १९६६ सालीच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये जोहान्सबर्गच्या कृष्णवर्णीय रुग्णांविषयी एक लेख प्रसिद्ध झाला होता. लोखंडी भांड्यांत आंबवलेली घरगुती बिअर वर्षानुवर्षे प्यायल्याने त्यांच्या शरीरात लोहाचा अतोनात साठा झाला होता. त्या लोहाने क जीवनसत्त्वाचा नाश केला, आणि स्कर्व्हीबरोबरच ऐन मध्यमवयात त्यांची हाडे ठिसूळ होऊन मणके दबले.

हाडालाही लोह हवेच. हाडाची वीण ज्याची, ते कोलॅजेन त्यावाचून पक्के होत नाही. परंतु जादा लोह बाहेर टाकण्याची सोय निसर्गाने शरीरात ठेवलेली नाही. सारी भिस्त दारावरच्या पहारेकऱ्यावर. यकृतात तयार होणारे हेप्सिडिन हा तो पहारेकरी. आतड्याच्या पेशींतून लोह रक्तात सोडणाऱ्या फेरोपोर्टिन या प्रथिनाचा ते नाश करते, आणि दार बंद होते. पहारा ढिला पडला की हाड झिजवणाऱ्या पेशींना लोहाचे इंधन मिळते. हाड रचणाऱ्या पेशी मात्र त्याच लोहाने मंदावतात.

थॅलेसेमियाच्या रुग्णांत हा पहारा आतूनच मोडतो. रक्त तयार करण्याच्या निष्फळ धडपडीत शरीर हेप्सिडिनला दडपून टाकते. त्यात जगण्यासाठी दर दोन-चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. निरोगी माणूस अन्नातून दिवसाला १ ते २ मिलिग्रॅम लोह शोषतो. रक्ताच्या एका पिशवीतून सुमारे २०० मिलिग्रॅम येते. फुगलेली अस्थिमज्जा हाडांना आतून पातळ करते ती वेगळीच.

याचा अर्थ रक्तक्षय झालेल्या स्त्रीने लोहाच्या गोळ्या टाकून द्याव्यात, असा मुळीच नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी होत्या. त्यांचे दुखणे नेमके उलट आहे. थॅलेसेमियाच्या मुलाला मात्र रक्ताइतकेच लोह उतरवणारे औषध अखंड मिळाले पाहिजे आणि त्याच्या हाडांची घनता वेळोवेळी मोजली गेली पाहिजे. रक्तदान शिबिरांचा गाजावाजा होतो, तो योग्यच. या दोन गोष्टींसाठी मात्र कोणी मांडव घालत नाही. पूर्वी ही मुले फार जगत नसत, म्हणून त्यांच्या मणक्यांची काळजी करण्याची वेळच येत नसे. आज ती शिकतात, नोकरी करतात, आणि तिशीत पाठ धरून दवाखान्याची पायरी चढतात.