सेवायात्रा आणि जाणीवपूर्वक जोडलेली नाती

ऑक्टोबर महिन्यातील मिशन रविवार जवळ येऊ लागला की आपल्या अनेक धर्मग्रामांतील युवक मंडळे सेवायात्रेच्या तयारीला लागतात. दिवाळीची सुट्टी हाताशी असते, फादरांचा आशीर्वाद असतो आणि सेवेची तळमळही असते. एखादे दूरचे गाव निवडले जाते. तेथे शाळेच्या भिंती रंगविल्या जातात, आरोग्य तपासणी होते, कपड्यांचे वाटप होते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी मंडळी समाधानाने परततात. हे कार्य चांगलेच आहे. परंतु सहा महिन्यांनी यांपैकी एखाद्या युवकाला विचारून पाहावे, की ज्या अंगणात तू चार दिवस जेवलास त्या घरच्या माउलीचे नाव काय? बहुधा उत्तर येत नाही. सेवा घडली, नाते मात्र जडले नाही.

सेवा केली म्हणजे नाते आपोआप जुळते असा आपला एक गोड समज आहे. प्रत्यक्षात नाते जोडण्यासाठी निघण्यापूर्वीच काही गोष्टी ठरवाव्या लागतात आणि त्या ठरविताना आपल्या सोयीला मुरड घालावी लागते. ही चर्चा हवेत राहू नये म्हणून आपण एक तालुका डोळ्यांसमोर ठेवू या: भंडारा जिल्ह्यातील लाखांदूर.

लाखांदूर हा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा धानाचा तालुका. चुलबंद नदी येथून वाहत जाऊन वैनगंगेला मिळते. वैनगंगेच्या पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी, तर अलीकडेच शेजारी गडचिरोली जिल्ह्यातील वडसा-देसाईगंज. गोंदिया-बल्लारशाह मार्गावरील वडसा हेच जवळचे रेल्वेस्थानक. ख्रिस्तसभेच्या दृष्टीनेही ही सीमारेषाच आहे. भंडारा जिल्हा लॅटिन विधीच्या नागपूर महाधर्मप्रांतात येतो, तर नदी ओलांडली की सिरो-मलबार विधीचा चांदा धर्मप्रांत सुरू होतो. या भागाला झाडीपट्टी म्हणतात. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले तलाव, त्यांत मासेमारी करणारे ढिवर बांधव, गोंड व हलबा आदिवासी, बौद्ध वस्त्या आणि धानाच्या बांध्या, असे येथील जीवन आहे. ख्रिस्ती घरे फार विरळ. म्हणजे येथे जाणारा युवक आपल्या माणसांत जात नसतो. तो सर्वार्थाने पाहुणा असतो.

पाहुण्याने कसे वागावे हे संत लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आपल्याला सापडते. प्रभू येशू बहात्तर शिष्यांना दोघे-दोघे करून पाठवितो. थैली नको, झोळी नको, जोडे नकोत. ज्या घरी स्वागत होईल तेथेच राहावे, जे वाढतील ते खावे, घरोघर फिरत बसू नये. या सूचना आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो, पण त्यांतील व्यवहार आपल्या फारसा लक्षात येत नाही. ज्याच्याकडे थैली नाही त्याला यजमानाकडे मागावे लागते, आणि मागणाऱ्याला वरच्या पायरीवर उभे राहता येत नाही. आपल्या युवक मंडळाची गाडी मात्र बाटलीबंद पाणी, बिस्किटांचे पुडे आणि स्वतःचा आचारी घेऊन गावात शिरते. मग गावकऱ्यांनी आपल्याला द्यावे तरी काय? त्यांच्या वाट्याला केवळ घेणे उरते. जे कायम घेतच राहतात त्यांच्याशी आपले नाते दात्याचे राहते, मैत्रीचे होत नाही.

म्हणून पहिला निर्णय निवासाचा. तीस जणांनी शाळेच्या खोलीत एकत्र झोपण्याऐवजी दहा-बारा जणांनीच जावे आणि दोघे-दोघे करून पाच-सहा घरांत राहावे. ते घर शेवटपर्यंत बदलू नये. घरच्या शिधासामग्रीचा भार त्या कुटुंबावर पडू नये याची व्यवस्था गावातील जाणत्या व्यक्तीशी आधी बोलून शांतपणे करता येते. पण स्वयंपाक त्यांचा आणि पंगत त्यांची असावी.

येथे एका गंभीर गोष्टीचा उल्लेख टाळता येणार नाही. आपण कोणाच्या घरी उतरतो हे संपूर्ण गाव पाहत असते. याच जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातील चौघांची निर्घृण हत्या झाली, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला होता. जातीची रेघ गावात नकाशावर दाखविलेली नसते. ती पाणवठ्यावर, पंगतीत आणि वस्तीच्या दिशेत असते. सरपंचांच्या किंवा सावकाराच्या वाड्यावर उतरणे आपल्याला सोयीचे वाटते, कारण तेथे पंखा असतो आणि स्वच्छतागृह असते. परंतु त्या एका सोयीने गावातील निम्म्या घरांची दारे आपल्याला न बोलता बंद झालेली असू शकतात. प्रभू येशूने याकोबाच्या विहिरीवर शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागितले, हे या संदर्भात पुन्हा वाचावे. यहुदी लोक शोमरोन्यांच्या भांड्याला शिवत नसत. तरी त्याने तिला काही देण्याआधी तिच्याकडून मागितले, आणि तेथूनच त्या दोघांचे संभाषण सुरू झाले. आपल्या युवकांनीही वेगवेगळ्या वस्त्यांत वाटून राहावे आणि हे आधीच सर्वांना मोकळेपणाने सांगावे.

दुसरा निर्णय वेळेचा. दिवाळीची सुट्टी आपल्याला सोयीची, परंतु लाखांदूरच्या शेतकऱ्यासाठी ते हलक्या धानाच्या कापणीचे दिवस असतात. भारी धान त्यानंतर निघते. घरातील प्रत्येक हात बांधीत गुंतलेला असताना अंगणात पाहुणे येऊन बसले तर यजमानाची काय अवस्था होते, हे ज्याचे घर शेतीवर चालते त्यालाच ठाऊक. उन्हाळ्याच्या सुट्टीत जावे तर मे महिन्यात तेंदूपत्त्याचे काम असते. पहाटे जंगलात जाऊन पाने तोडायची आणि दुपारी घरी बसून पुडके बांधायचे, हा त्या दिवसांतील क्रम. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी. अर्थात प्रत्येक ऋतूत कामे आहेतच. तेव्हा 'आम्ही अमुक तारखेला येत आहोत' असे कळविण्याऐवजी 'आम्ही केव्हा यावे?' असे विचारणे हीच नात्याची सुरुवात ठरते. कदाचित उत्तर येईल की मंडईला या. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, लेकी-जावई माहेरी येतात, रात्री दंडार किंवा नाटक असते. झाडीपट्टी रंगभूमीची नाटके रात्रभर चालतात आणि त्या मंडळ्यांचे मुख्य केंद्र शेजारचे वडसा हेच आहे. सेवायात्रेला जाऊन नाटक पाहायचे का, असा प्रश्न एखाद्या कडक शिस्तीच्या संयोजकाला पडेल. माझे उत्तर असे, की गावाबरोबर रात्रभर एका मांडवात बसणे हे शाळेच्या भिंतीला रंग देण्यापेक्षा कमी मोलाचे नाही. भिंत गावकऱ्यांनाही रंगविता येते.

रोवणीविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण शहरी युवकांना चिखलात उतरून पऱ्हे लावण्याची भारी हौस असते. रोवणी हे मुख्यतः स्त्रियांचे काम आहे. त्या गटाने येतात आणि ठरवून घेतलेल्या मजुरीवर काम करतात. कित्येक भूमिहीन घरांची पावसाळ्यातील मिळकत तीच. आपल्या पंधरा जणांनी एखाद्या शेतकऱ्याची बांधी फुकट रोवून दिली, तर त्याचे पैसे वाचतील आणि पंधरा जणींची त्या दिवसाची रोजी बुडेल. आपण मात्र फार मोठी सेवा केल्याच्या आनंदात परतू. तेव्हा अशा कामात उतरायचे असेल तर शिकाऊ म्हणून, त्या स्त्रियांच्या मजुरीला धक्का न लावता, त्यांच्याच देखरेखीखाली उतरावे. त्यांच्या हाताखाली शिकताना कंबर दुखेल, रोप तिरपे लागेल आणि त्या मनसोक्त हसतील. ते हसणे फार उपयोगी आहे. शिकविण्याचा मान ज्यांना कधी मिळत नाही, त्यांना तो त्या दिवशी मिळालेला असतो.

भाषेच्या बाबतीत आपण मराठी भाषक असल्यामुळे निर्धास्त असतो. पण झाडीबोली ही स्वतःचे रूप असलेली बोली आहे. तिच्यात 'ण' नाही, म्हणून पाणी तेथे 'पानी' होते. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी ही बोली अशुद्ध मराठी नसून समृद्ध बोली आहे हे परिश्रमपूर्वक मांडले. आपला एखादा युवक त्या उच्चाराला हसला, तर पुढील चार दिवसांची सेवा व्यर्थ गेली असे समजावे. आपल्या परंपरेत याबाबत थोर आदर्श आहे. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली इंग्लंडहून गोव्यात आले. साष्टीच्या लोकांमध्ये राहून त्यांनी त्यांची भाषा आत्मसात केली, आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. येणे आणि छापणे यांत सदतीस वर्षे गेली. आपल्याजवळ चार दिवस आहेत हे खरे. परंतु चार दिवसांत वीस शब्द शिकता येतात आणि घरातील प्रत्येकाला काका, मावशी, आजी अशा नात्याने हाक मारता येते. ज्याला आपण नावाने आणि नात्याने हाक मारतो, तो आपल्या लेखी 'लाभार्थी' उरत नाही.

काय काम करावे हे कोणी ठरवायचे, हा यापुढचा प्रश्न. या बाबतीत लाखांदूरच्या शेजारीच शिकण्यासारखे पुष्कळ आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून कार्य आरंभिले. आदिवासी बांधव दवाखान्यात का येत नाहीत हे त्यांनी त्यांनाच विचारले, आणि मिळालेल्या उत्तरांनुसार शोधग्राममधील दवाखाना मोठ्या इमारतीऐवजी आदिवासी घरांच्या धर्तीवर बांधला. त्याला नावही लोकांच्या श्रद्धेनुसार माँ दंतेश्वरी असे दिले. लाखांदूरला लागून असलेल्या गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव भागात मनीष राजनकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या तलावांच्या पुनरुज्जीवनाचे काम केले. कोणती पाणवनस्पती कोणत्या माशाला लागते, बेशरमीच्या झुडपांनी तलावाचे काय होते, हे ज्ञान ढिवर बांधवांजवळ होते आणि त्याच ज्ञानावर हे कार्य उभे राहिले. आपल्याच ख्रिस्तसभेतील उदाहरण म्हणजे स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाखर. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या दुष्काळी भागात त्यांनी पाणलोट विकासाचे कार्य उभारले. त्या कार्यक्रमात येऊ इच्छिणाऱ्या गावाने आधी चार दिवस श्रमदान करून आपली तयारी दाखवावी, अशी अट असे. ही अट प्रथमदर्शनी कठोर वाटते, परंतु तिच्यामुळे गाव याचक न राहता भागीदार झाले.

आता सर्वांत नाजूक विषयाकडे वळू. ख्रिस्ती युवक गावात आले की यामागे धर्मांतराचा हेतू आहे काय, अशी शंका काही मनांत येते. या शंकेवर रागावून उपयोग नाही. आपले वर्तन स्वच्छ ठेवणे एवढेच आपल्या हाती आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ साली आपल्या पहिल्याच परिपत्रात स्पष्टपणे शिकविले, की प्रेमकार्य हे अन्य कोणता हेतू साध्य करण्याचे साधन होऊ शकत नाही. प्रेम हे निरपेक्षच असते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये दुसऱ्या माणसाच्या जीवनाला पवित्र भूमी म्हटले, जिच्यासमोर आपण पायताण काढून उभे राहावे. 'जाणीवपूर्वक नाते' या शब्दांत एक धोका दडलेला आहे, तो असा, की नाते हेही एक तंत्र बनावे आणि मैत्रीच्या मागे हिशेब असावा. समोरच्याला हा हिशेब कळतोच, कारण खेड्यातील माणसाने मतांसाठी, कर्जासाठी आणि विम्यासाठी दारात आलेले पुष्कळ गोड बोलणारे पाहिलेले असतात. आपण कोण आहोत हे पहिल्याच दिवशी ग्रामपंचायतीत व गावच्या वडीलधाऱ्यांना सांगावे. कोणी आपल्या श्रद्धेविषयी विचारले तर प्रांजळपणे, जेवढे विचारले तेवढेच उत्तर द्यावे. सकाळची प्रार्थना चुकवू नये आणि तिचे प्रदर्शनही करू नये.

मुलांच्या बाबतीत विशेष जपावे लागते. मुले दोन दिवसांत गळ्यात पडतात आणि निघताना रडतात. ते दृश्य छायाचित्रात सुंदर दिसते, म्हणूनच ते टिपू नये. पालकांच्या संमतीवाचून कोणत्याही मुलाचे छायाचित्र काढू नये, कोणत्याही मुलाबरोबर एकट्याने राहू नये आणि 'मी पुन्हा येईन' हे वाक्य तारीख ठरलेली असल्याशिवाय उच्चारू नये. मोठी माणसे अशी आश्वासने विसरतात. मूल मात्र पुढच्या दिवाळीत रस्त्याकडे पाहत बसते.

म्हणून खरे तर हा निर्णय एकट्या युवकाचा नसून संपूर्ण धर्मग्रामाचा असावा. दरवर्षी नवे गाव निवडण्याचा मोह आवरून निदान पाच वर्षे एकाच गावी जावे. युवक बदलतील, शिक्षणासाठी वा नोकरीसाठी बाहेर जातील; परंतु घरांची नावे, कोणाच्या मुलीचे लग्न ठरले, कोणाचे आजोबा गेले, हे सारे एका वहीत नोंदलेले असावे आणि नव्या गटाने ती वही वाचून मगच निघावे. मधल्या काळात फोन करावा, तोही काही काम नसताना. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर येऊन भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. अशा प्रसंगी ज्याच्याजवळ गावातील पाच घरांचे दूरध्वनी क्रमांक असतात, त्याला कोणाला काय हवे हे विचारता येते. इतरांना अंदाजाने कपडे पाठवावे लागतात.

आणि पाहुणचाराची परतफेडही व्हायला हवी. नाताळात किंवा धर्मग्रामाच्या सणाला त्या पाच-सहा घरांतील माणसांना आपल्याकडे बोलवावे, वडशाहून त्यांची गाडीची तिकिटे काढावीत आणि त्यांना सभागृहात नव्हे, आपल्या घरी उतरवावे. आपल्या स्वयंपाकघरात बसून लाखांदूरची मावशी आपला भात कच्चा राहिला असे सांगेल. तिला सांगू द्यावे. तांदळातले तिला आपल्याहून अधिक कळते.